सरोवरकाठची घरे आणि हिमाचे ओझे



छपराचा विषय घेऊन व्याख्यानाला उभा राहणारा माणूस एक तर गवंडी-सुतार असावा, नाही तर घरमालक. मी दोन्ही नव्हे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे, आणि छपराशी माझी ओळख झाली ती छपरावरून पडलेल्या माणसांच्या नुकसानभरपाईचे अर्ज लिहिताना. एका कारखान्याच्या शेडवरून एक मजूर सिमेंटचा पत्रा फुटून आरपार खाली गेला. त्याच्या बायकोसाठी कागद गोळा करीत असता मला प्रथम कळले, की पत्र्यावर पाय कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये याचेही एक शास्त्र आहे, आणि ते त्या माणसाला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून जेथे मिळेल तेथून मी छपरांविषयी वाचीत आलो. शाळा आठवीला सुटलेली, त्यामुळे वाचन हळू झाले, पण झाले.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत बफलो शहरी असतो. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम कडेला, ईरी सरोवराच्या पूर्व टोकावर हे शहर वसलेले आहे. तो म्हणाला, “मामा, तुम्ही छपरांचं वाचता म्हणून विचारतो. बाहेर उणे आठ आहे. चार दिवसांत पावसाचा थेंब नाही. आणि माझ्या बैठकीच्या खोलीत भिंतीवरून पाणी उतरतंय. हे पाणी आलं कुठून?”

मला उत्तर देता आले नाही. पावसात छप्पर गळते हे आपण जन्मापासून पाहतो. पण जेथे पाणीच गोठून दगड व्हावे तेथे छप्पर गळावे कसे? या एका प्रश्नाच्या पाठीमागे लागून मी जे शिकलो तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. त्यासाठी आधी सरोवराकडे पाहावे लागेल, मग ओझ्याकडे, मग उष्णतेकडे, आणि शेवटी छपरावर चढणाऱ्या माणसाकडे.

सरोवराचे हिम

आधी दोन शब्द वेगळे करू. आकाशातून पिंजलेल्या कापसासारखे पडते ते हिम, आणि पाणी गोठून घट्ट होते तो बर्फ. बोलताना आपण दोहोंना बर्फच म्हणतो; पण छपराच्या दृष्टीने या दोघांचे स्वभाव निराळे आहेत.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारिओ अशी पाच महासरोवरे आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे पाच भाग केले तर जवळजवळ चार भाग पाण्याखाली जातील एवढे ते भरते. इतके पाणी उन्हाळाभर तापते आणि सावकाश निवते. नोव्हेंबर-डिसेंबरात कॅनडातून बोचरी, कोरडी थंड हवा खाली उतरते तेव्हा सरोवर अजून कोमट असते. ती हवा पाण्यावरून जाताना खालून तापते, वाफ शोषते, हलकी होऊन वर चढते, वर गेल्यावर पुन्हा निवते, ढग होतात, आणि पलीकडच्या काठावर हिम कोसळते. सरोवराचे पाणी आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंश सेल्सियसच्या आसपास फरक पडला की हा कारखाना सुरू झाला असे हवामानशास्त्रज्ञ समजतात.

आपल्या श्रोत्यांना हे परके वाटू नये. अरबी समुद्रावरून येणारे वारे वाफ घेऊन येतात आणि सह्याद्रीला अडून वर चढले की घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस टाकतात, तसेच हे आहे. ओंटारिओ सरोवराच्या पूर्वेस टग हिल नावाचे एक पठार आहे, तो तिकडचा घाटमाथा समजा. तेथे एका हिवाळ्यात पाच मीटरांहून अधिक हिम पडते. महाबळेश्वरी वर्षाला पाऊस पडतो तोही साधारण एवढ्याच मापाचा. फरक इतकाच, की महाबळेश्वरचा पाऊस छपरावर क्षणभर थांबतो आणि पागोळ्यांनी निघून जातो. हिम मात्र पाहुणा येऊन मुक्काम ठोकावा तसे बसून राहते. पाऊस हा छपराला लागलेला मार आहे, तर हिम हे छपराने डोक्यावर घेतलेले ओझे आहे.

ईरी सरोवर पश्चिमेकडून ईशान्येकडे सुमारे ३९० किलोमीटर लांब पसरलेले आहे. वारा जर या लांबीला धरून वाहिला, तर सगळी वाफ एका अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि तो पट्टा नेमका बफलोच्या बाजूला येऊन पडतो. १७ नोव्हेंबर २०१४ पासून दोन-तीन दिवस असा पट्टा शहराच्या दक्षिण भागावर ठाण मांडून बसला. दक्षिणेच्या उपनगरांत पाच फुटांहून अधिक हिम साचले, आणि त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच. एकाच गावात एका आळीत दार उघडेना, आणि दुसऱ्या आळीत मुले नेहमीसारखी खेळत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच दक्षिणेकडील हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या गावांत ८० इंचांच्या आसपास, म्हणजे दोन मीटर, हिम पडले. त्याच वर्षी नाताळच्या दिवसांत वादळी वाऱ्यासह जो हिमपात झाला त्यात बफलो आणि आसपासच्या मुलखात चाळिसांहून अधिक माणसे दगावली.

ईरी हे पाचांत सर्वांत उथळ सरोवर. त्याची सरासरी खोली १९ मीटर आहे. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत ते पुष्कळदा गोठते, वरून झाकण बसते, वाफ कमी होते आणि हिमाचा जोर ओसरतो. ओंटारिओ खोल आहे. ते सहसा पूर्ण गोठत नाही, म्हणून त्याचा कारखाना हिवाळाभर चालू राहतो. घर कोठल्या सरोवराच्या कोठल्या काठावर आहे यावर त्याच्या छपराचे नशीब ठरते, ते असे.

ओझे किती?

आता हिशेब करू. हिशेब करायला शाळा लागत नाही, काटा लागतो.

ताजे, भुसभुशीत हिम हलके असते. एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो. पण ते पडून राहिले, दबले, की २०० ते ३०० किलो होते. त्यात पावसाचे पाणी मुरले तर ४०० किलो आणि त्याहूनही पुढे. निव्वळ बर्फ मात्र ९०० किलोंच्या वर जातो. तेव्हा “छपरावर दोन फूट हिम आहे” या वाक्यावरून ओझे कळत नाही. ते कोणत्या वयाचे हिम आहे ते विचारले पाहिजे.

समजा, एका घराचे छप्पर जमिनीवर १५० चौरस मीटरांची सावली टाकते. त्यावर ६० सेंटिमीटर दबलेले हिम आहे, घनमीटरला २०० किलो. म्हणजे दर चौरस मीटरला १२० किलो, आणि सगळ्या छपरावर १८ टन. जवळजवळ दोन दहाटनी ट्रक भरलेल्या मालासकट घरावर उभे केले म्हणा ना! त्यावर एक इंच पाऊस पडला आणि हिमाने तो स्पंजासारखा धरून ठेवला, तर आणखी पावणेचार टन. २०१४ च्या हिमपातानंतर ऊन पडून पाऊस येणार असे कळताच लोकांनी जी धावपळ केली, तिचे कारण हे होते. पावसाने हिम धुऊन जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आधी ते जड होते आणि मगच जाते.

ज्या इंजिनिअरांनी तिकडचे नियम बांधले त्यांनी जमिनीवर साचणाऱ्या हिमाचे वजन धरून त्याच्या सुमारे सात-दशांश वजन सपाट छपरावर येते असा पायाभूत हिशेब ठेवला आहे. वाऱ्याने काही उडते, उबेने काही वितळते, म्हणून हा उतार. मग घर उघड्यावर आहे की झाडीत, आतून तापवलेले आहे की थंड, छप्पर किती उभे आहे, याप्रमाणे तो आकडा वरखाली करायचा.

पण सरासरीने माणूस फसतो. हिम सारखे बसत नाही. वारा एका पाख्यावरचे उचलून दुसऱ्या पाख्यावर टाकतो. उंच छपराला लागून खालचे पडवीचे किंवा मोटारखोलीचे छप्पर असेल, तर वरचे सगळे घसरून त्या गरिबावर येते. दोन पाखी जेथे मिळतात त्या पन्हळीत दोन्हीकडचे गोळा होते. छप्पर कोसळते ते बहुधा अशा एका कोपऱ्यापासून. आत दरवाजे अडकू लागले, छताला नव्या भेगा दिसल्या, लाकूड करकरू लागले, तर तो घराने दिलेला इशारा समजून माणसांनी बाहेर पडावे, हा तिकडचा साधा नियम आहे.

वळचणीचा बांध

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी तिकडचे घर आतून कसे असते ते पाहिले पाहिजे. आपल्या कौलारू घरात खाली उभे राहून वर पाहिले तर वासे, रिपा आणि कौले दिसतात. फटीतून उजेड येतो, धूर जातो. तिकडे तसे नाही. खोलीला आधी एक सपाट छत असते. त्याच्यावर रिकामा पोटमाळा. पोटमाळ्यावर वासे, वाशांवर फळ्यांचे किंवा प्लायवुडचे अस्तर, त्यावर एक जलरोधक कागद, आणि सर्वांत वर डांबरी आच्छादन. छत आणि छप्पर या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि सगळे रहस्य या दोहोंच्या मधल्या पोटमाळ्यात दडलेले आहे.

घर आतून वीस अंशांपर्यंत तापवलेले असते. ती ऊब वर चढते. छतात फटी असतात. दिव्याची भोके, नळ आणि तारा जाण्याच्या वाटा, धुराड्याभोवतीची पोकळी, पोटमाळ्यावर चढायचे झाकण, अशी तिची वाट असते. त्यांतून उबदार हवा पोटमाळ्यात शिरते आणि छपराचे अस्तर खालून तापवते. वर हिमाचा थर. आता गंमत पाहा : हिम स्वतः गोधडीसारखे आहे. त्यात हवा कोंडलेली असते, म्हणून ते थंडीला अडवते. बाहेर उणे आठ असले तरी जाड थराच्या तळाशी, छपराला लागून, तापमान शून्यापर्यंत चढते आणि हिम खालून वितळू लागते.

हे पाणी थराखालून निमूटपणे उतारावरून वळचणीकडे जाते. पण वळचण भिंतीच्या बाहेर असते; तिच्याखाली ऊब नाही, खालून-वरून थंड हवा आहे. तेथे पोचताच पाणी गोठते. पहिल्या दिवशी एक पातळ कड. दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसरी. चार दिवसांत वळचणीवर बर्फाचा एक बांध तयार होतो. मागून येणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही. ते बांधामागे तळ्यासारखे साचते. डांबरी आच्छादनाचे तुकडे, आपल्या कौलांप्रमाणेच, एकावर एक चढवलेले असतात. वरून खाली वाहणारे पाणी ते सहज वाहून नेतात, पण उभे राहिलेले पाणी मागे चढू लागले की त्यांचा इलाज चालत नाही. ते पाणी जोडांतून वर सरकते, खिळ्यांच्या भोकांतून आत उतरते आणि भिंतीवरून खोलीत येते. कोकणात पालापाचोळा अडकून पन्हळ तुंबली की कौलांखालून पाणी घरात शिरते ना? तेच हे. फक्त तेथे पाचोळ्याच्या जागी बर्फ आहे, आणि पाणी आकाशातून आलेले नसून घरानेच वितळवलेले आहे.

किती उष्णता वाया जाते, म्हणाल? एक किलोवॉट, म्हणजे लहानशा हीटरइतकी, उष्णता जर पोटमाळ्यातून सतत गळत असेल आणि ती सगळी हिम वितळवण्यात गेली, तर तासाला दहा लिटरांहून थोडे अधिक पाणी होते. दिवसाला अडीचशे लिटर. माझा भाचा हीटरचे बिल भरत होता आणि त्यातल्या काही पैशांनी स्वतःच्या डोक्यावर तळे बांधीत होता.

तिकडच्या घरांच्या वळचणीला बर्फाच्या लांब पागोळ्या लोंबतात. नाताळच्या चित्रांत त्या फार सुंदर दिसतात. जाणता माणूस मात्र त्या पाहून समजतो की या घराच्या छतातून ऊब गळते आहे.

उपाय कोणता?

पहिला उपाय सर्वांना सुचतो तो म्हणजे बांध फोडणे. लोक शिडी लावून कुऱ्हाड-हातोडा घेऊन चढतात. थंडीने कडक झालेले आच्छादन बर्फाबरोबर फुटते, आणि कधी चढणाराही खाली येतो. वळचणीवर विजेच्या तापणाऱ्या तारा लावण्याचीही रीत आहे. त्याने पाण्याला नागमोडी वाट मिळते खरी, पण गळती ऊब बंद न करता आणखी ऊब विकत घ्यायची, असा तो व्यवहार आहे.

खरा उपाय तीन पदरी आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा.

पहिला पदर : छतातल्या फटी बुजवणे. ऊब मुख्यतः वाहत्या हवेबरोबर जाते, म्हणून आधी वाट बंद करायची. स्नानघराचा पंखा ओली हवा पोटमाळ्यात सोडीत असेल तर ती नळी छपराबाहेर न्यायची. नाही तर ती वाफ खिळ्यांच्या टोकांवर गोठते आणि ऊन पडले की आतल्या आत पाऊस पडतो.

दुसरा पदर : छतावर उष्णतारोधक भरण घालणे. काचेच्या तंतूंची किंवा कागदाच्या लगद्याची ही गादी त्या मुलखात सव्वा ते दीड फूट जाड लागते. जुन्या घरांत ती चार-सहा इंचांची असते, कोठे असतही नाही.

तिसरा पदर : पोटमाळ्यात बाहेरची थंड हवा खेळवणे. वळचणीखालून हवा आत यावी आणि आढ्यावरच्या सलग फटीतून बाहेर जावी. नियम असा, की वाटा वर-खाली नीट विभागल्या असतील तर पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी मोकळी वाट असावी. १५० चौरस मीटरांना अर्धा चौरस मीटर. ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते. एवढ्या थंडीत घरात मुद्दाम थंड हवा घ्यायची? पण ती घरात घ्यायची नसून छत आणि छपराच्या मध्ये घ्यायची आहे. माणूस उबेत असावा आणि छप्पर थंडीत असावे, हेच या शास्त्राचे सार आहे.

याचा पुरावा एका लष्करी छावणीतून मिळाला. ओंटारिओ सरोवराच्या पूर्व टोकाजवळ फोर्ट ड्रम ही छावणी आहे. तेथील इमारतींच्या वळचणींना बर्फाचा फार उपद्रव होई. अमेरिकन सैन्याच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतील वेन टोबियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पोटमाळ्यांत तापमापक लावून मोजमाप केले, आणि १९९४ साली निष्कर्ष मांडले. बाहेरचे तापमान उणे साडेपाच अंशांच्या खाली आणि पोटमाळ्याचे उणे एक अंशाच्या वर असले, म्हणजे वळचणीवर त्रासदायक बर्फ धरतो. त्यावरून त्यांनी मोजपट्टी दिली : बाहेर उणे साडेपाच असताना पोटमाळा उणे एकपेक्षा थंड राहील इतकी हवा खेळवा, म्हणजे काम झाले. या संशोधनात मला आवडली ती त्यातली साधी चिकाटी. छपरावर उपाय करण्याआधी त्यांनी छपराखाली जाऊन तापमान मोजले.

एवढे करूनही एखाद्या वर्षी बांध धरायचाच. म्हणून तिकडच्या बांधकाम-नियमांत आणखी एक संरक्षण आहे. नवे आच्छादन घालताना वळचणीच्या कडेपासून, बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूस निदान २४ इंचांपर्यंत, चिकटणारा रबरी-डांबरी पडदा अस्तरावर बसवायचा. खिळा ठोकला की तो पडदा खिळ्याभोवती घट्ट बसतो. मागे तुंबलेले पाणी वर आले तरी लाकडापर्यंत पोचत नाही. रोगापुरता हा उपाय नव्हे, पण रोग झालाच तर प्राण वाचवणारा आहे.

आच्छादन : डांबर की पत्रा?

तिकडच्या बहुतेक घरांवर डांबरी फरश्या असतात. काचेच्या तंतूंच्या जाळीवर डांबर, वरून दगडाची रवाळ पूड. मिशिगन सरोवरापासून जवळच्या ग्रँड रॅपिड्स गावी १९०३ च्या सुमारास गुंडाळीचे डांबरी छप्पर कापून असे तुकडे करण्यास आरंभ झाला, म्हणजे ही वस्तूच मुळी सरोवरकाठची आहे. ती स्वस्त, हलकी, आणि एक तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलता येते. तिला उतार मात्र लागतो : बारा फूट आडवे गेल्यावर निदान दोन फूट चढ, आणि चार फुटांहून कमी चढ असेल तर खालचा कागद दुहेरी. तिचा शत्रू हिमापेक्षाही गोठणे-वितळणे हा आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. बारीक भेगेत शिरलेले पाणी दर रात्री पाचर ठोकते आणि दर दुपारी ती सैल करते.

दुसरा पर्याय उभ्या शिवणीच्या पोलादी पत्र्याचा. त्यावरून हिम घसरते, जोड उंच असल्याने पाणी सहज शिरत नाही, आणि तो दीर्घकाळ टिकतो. पण तो महाग. शिवाय तो तापतो-निवतो तेव्हा लांबतो-आखडतो. दहा मीटरांचा पोलादी पत्रा उन्हाळ्याच्या दुपारपासून हिवाळ्याच्या रात्रीपर्यंत साठ अंशांचा फरक सोसतो तेव्हा त्याची लांबी सात मिलिमीटरांनी बदलते. त्याला सरकायला जागा ठेवली नाही तर तो आपले खिळे आपणच उपटतो. आणि घसरणारे हिम दरवाजासमोर उभ्या माणसावर एकदम कोसळू शकते, म्हणून दाराच्या वर ते अडवणाऱ्या खुंट्या बसवाव्या लागतात. निर्दोष छप्पर कोठे नाही. आपण कोणता दोष सांभाळू शकतो एवढेच ठरवायचे असते.

वर चढणारा माणूस

येथपर्यंतचे सगळे कोणत्याही जाणत्या इंजिनिअराने सांगितले असते. पुढचे सांगणे माझ्याकडे लागते.

डांबरी फरशीवर चिकटणारी पट्टी असते. ती उन्हाच्या उबेने धरते. चार-पाच अंशांच्या खाली ती धरत नाही, आणि मग प्रत्येक तुकड्याखाली हाताने डांबर लावावे लागते. म्हणून हे काम वसंतापासून शरदापर्यंत चालते. वर्षाची कमाई त्या मोसमात गोळा करायची. पुष्कळ ठिकाणी मजुरी कामाच्या मापावर असते. शंभर चौरस फुटांना तिकडे ‘स्क्वेअर’ म्हणतात आणि किती स्क्वेअर झाले त्यावर पैसे. फरश्यांचा एक गठ्ठा तीस किलोंच्या आसपास. तो खांद्यावर घेऊन शिडी चढायची, उतारावर गुडघ्यांवर बसायचे, आणि प्रत्येक तुकड्याला निदान चार खिळे, उभ्या उतारावर आणि वाऱ्याच्या जागी सहा, नेमक्या रेषेवर ठोकायचे. खिळा बोटभर वर गेला तर खालचा तुकडा त्यात सापडत नाही. हवेच्या दाबाची खिळेबंदूक जरा जास्त दाबली तर खिळा फरशी फोडून आत जातो. खालून काही दिसत नाही. ते दिसते पाच वर्षांनी, वादळात.

ऑक्टोबर संपत आला, आकाश करडे झाले, ठेकेदार घाई करू लागला, की सहाचे चार खिळे होतात आणि कमरेचा दोर मोटारीत राहतो. दोर बांधायला, हलवायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे मापात धरलेले नसतात. अमेरिकेच्या सरकारी गणतीत, कामावर मरण येण्याच्या प्रमाणात, छप्परकाम करणारे दर वर्षी पहिल्या काही धंद्यांत असतात, आणि त्यांचे मरण मुख्यतः पडून येते. कामगार-सुरक्षेचा कायदा तेथे १९७० साली झाला. सहा फुटांहून उंचीवर पडण्यापासून संरक्षण हवे असा बांधकामाचा नियम आहे. पण राहत्या घरांच्या कामाला १९९५ पासून त्यात सवलत होती. डिसेंबर २०१० मध्ये ती काढून घेण्यात आली आणि जून २०११ पासून घरांनाही तोच नियम लागू झाला. सवलतीची ती पंधरा-सोळा वर्षे मला बोचतात. माणूस कारखान्यावरून पडला काय किंवा घरावरून पडला काय, जमीन तेवढीच कठीण असते.

न्यूयॉर्क राज्यात तर १८८५ पासून एक कायदा आहे. उंचीवरच्या कामात पुरेसे साधन न दिल्यामुळे कामगार पडला, तर मालक आणि मुख्य ठेकेदार जबाबदार. कामगार जरा बेसावध होता एवढ्यावर त्यांची सुटका नाही. ठेकेदार आणि विमावाले या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड करीत आले आहेत. त्यापायी विमा महाग होतो असे त्यांचे म्हणणे. खर्च वाढत असेलही. पण तो खर्च कोणी तरी भरतोच. कायदा नसेल तेथे तो कामगाराची बायको भरते. मात्र एक-दोन कुटुंबांच्या घराचा मालक, जो स्वतः काम चालवीत नाही, त्याला या कायद्यातून वगळले आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर घालायचे तो सुटतो. घरांच्या छप्परकामात संघटना फार थोडी, आणि मजुरांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले पुष्कळ. परक्या मुलखात, परक्या भाषेत, दोर मागण्याची हिंमत किती जणांना होणार?

कोणी म्हणेल, हा संघटनेचा विषय छपराच्या विषयात कशाला? त्याचे उत्तर वळचणीतच आहे. जी घाई खिळा चुकवते तीच दोर सोडायला लावते. वेळेचे पैसे देणाऱ्या मालकाला दोर बांधलेला माणूस आणि नेमक्या रेषेवर ठोकलेला खिळा, दोन्ही एकदमच मिळतात.

माझ्या भाच्याने पुढच्या उन्हाळ्यात काम करून घेतले. आधी छतातल्या फटी बुजवल्या, मग भरण घातले, मग आढ्यावर हवेची वाट केली. वळचणीला रबरी पडदा घालून नवे आच्छादन बसवले. त्याने तीन ठेकेदारांचे दर मला वाचून दाखवले, आणि सर्वांत स्वस्त कोणता ते सांगून विचारले, “मामा, कोणाला देऊ?” मी म्हणालो, “छपराचे मला आता थोडे कळते. पण दरावरून मला सांगता येणार नाही. तू तिघांना एकच प्रश्न विचार. तुमची माणसे वर दोर बांधून चढतात का, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना मिळतात का?”

दोघांनी हसून विषय बदलला. तिसऱ्याने दोर कोठे अडकवतात ते त्याला छपरावर बोट दाखवून सांगितले. काम त्याला मिळाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा फोन आला. वळचणीला पागोळ्या नव्हत्या. शेजारच्या छपरावरचे हिम वितळून काळे ठिपके दिसत होते, आणि याच्या छपरावर ते पडले तसे पांढरे, कोरडे बसून होते. “मामा,” तो म्हणाला, “इतका बर्फ डोक्यावर आणि घर कोरडं!” मी त्याला विचारले, ते काम करून गेलेले लोक या दिवसांत काय करतात? त्याला ठाऊक नव्हते. मी म्हटले, विचारून ठेव. मोसम संपला की त्यांच्या घरातली चूल कशी चालते, हा पुढच्या व्याख्यानाचा विषय आहे.